नागपुरात पहिल्यांदा केळवण करताय? तारखेपासून तोरणापर्यंत

लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला घरी बोलावून, औक्षण करून, आवडीचं जेवू घालायचं आणि आहेर द्यायचा, हे केळवण. विदर्भातली जुनी माणसं त्याला गडंगनेरही म्हणतात. मामा-मावशा, आत्या, शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी, मिहानमधल्या ऑफिसातले सहकारी, ज्याला ज्याला आनंद झाला तो आपापल्या परीनं एक केळवण करतो. पूर्वी एक ताट, एक साडी आणि चार गप्पा यात ते उरकायचं. आता सजावट आली, खेळ आले, फोटोची भिंत आली. पहिल्यांदा करणाऱ्याला मग सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. तुमच्या घरी येणारी नवरी त्या महिन्यात आधीच अनेक घरी जेवलेली असते. बस्ता, पत्रिका, पार्लर, ऑफिसातली उरलेली कामं यांनी ती दमलेली असते. नवरदेवाचंही तेच. तुमच्या घरी तिला दोन-अडीच तास निवांत बसता आलं, पोटभर पण हलकं जेवता आलं आणि आपल्या माणसांशी बोलता आलं, तर केळवण चांगलं झालं. म्हणून सजावट मोजक्याच जागी करा, खेळ एक किंवा दोनच ठेवा आणि जेवण इथल्या चवीचं करा. यापेक्षा जास्त काही करावंसं वाटलं तर त्याचा त्रास नवरीला होणार नाही ना, एवढं आधी बघा.

तारीख आणि वेळ

तारीख तुमच्या सोयीनं ठरवायला जाऊ नका, आधी लग्नघरी फोन करा. बऱ्याच घरांत ग्रहमख झाल्यावर किंवा देवक बसल्यावर नवरीला बाहेर जेवायला पाठवत नाहीत. घरचं केळवण झाल्याशिवाय बाहेरचं घ्यायचं नाही, असंही काही ठिकाणी असतं. एकेका घराची पद्धत वेगळी असते, म्हणून तिच्या आईलाच विचारायचं: "काकू, तुमच्याकडे कधीपर्यंत चालतं?" लग्नाच्या आधीचा आठवडा शक्यतो सोडा. दोन-तीन आठवडे आधीची तारीख सगळ्यांना बरी पडते.

नागपुरात वेळ ठरवायची म्हणजे हवामान बघायचं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि एप्रिल-मे म्हणजे तर लग्नांचा भर. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जाणं काही नवलाचं नाही. २३ मे २०१३ ला तो ४७.९ पर्यंत गेला होता. अशा दिवसांत दुपारी एकचं केळवण ठेवणं म्हणजे नटूनथटून आलेल्या पाहुण्यांना उन्हात उभं करणं. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतरचीच वेळ घ्या. हिवाळ्यात उलटं करा. डिसेंबर-जानेवारीत दुपारचं कोवळं ऊन असतं, तेव्हा गच्चीवर पंगत बसवली तर फार छान रंगते. रात्री मात्र पारा दहाच्या आसपास किंवा खालीही उतरतो, तेव्हा गच्चीचा विचार सोडा.

कोणाला बोलवायचं

घरी करत असाल तर पंचवीस-तीस माणसांपलीकडे जाऊ नका. एवढ्या माणसांत प्रत्येकाला नवरीशी बोलायला मिळतं. यादी करताना तिची एक यादी तिच्याकडूनच मागा. तिला जवळची असलेली एखादी शाळेतली मैत्रीण किंवा शिकवणीच्या बाई तुम्हाला माहीतही नसतात. नवरा-नवरी दोघांना एकत्र बोलवायचं असेल तर दोन्ही घरी विचारूनच. आता बहुतेकांना ते चालतं, किंबहुना आवडतं.

आपल्या शहरात अर्धं मित्रमंडळ हिंदी बोलणारं असतं. त्यांना बोलावलंत तर खेळ आणि गप्पा त्यांना कळतील अशाच ठेवा, नाहीतर ते बिचारे कोपऱ्यात मोबाइल बघत बसतात. आमंत्रण व्हॉट्सॲपवर चालतं, पण घरातल्या मोठ्यांना फोन करा. आणि प्रत्येकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा: वैयक्तिक भेटवस्तू आणायच्या की सगळ्यांची मिळून एकच.

जागा

घरचा हॉल, सोसायटीचं क्लब हाउस किंवा गच्ची. हॉलमध्ये सोफा बाहेर काढता आला तर काढा, जमिनीवर गाद्या टाका. जवळच्या बिछायत केंद्रातून गाद्या, पांढऱ्या चादरी, लोड, मोठे गंज म्हणजे पातेली, वाढायची भांडी, सगळं भाड्यानं मिळतं. उन्हाळ्यात तिथूनच मोठा कूलरही आणा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी सात-आठ खुर्च्या हव्यातच, आणि त्या मागच्या रांगेत नकोत, नवरीच्या शेजारी हव्यात. आजी-आजोबा तिथे बसले की फोटोही भरलेले दिसतात.

गच्चीवर किंवा क्लब हाउसमध्ये स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाला बंद, हा नियम आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

सजावट

सगळं घर सजवू नका. सजवायच्या जागा तीनच: दार, नवरीच्या मागची भिंत आणि तिचं ताट. त्यातही जीव ओतायचा तो ताटात.

दारापासून सुरू करू. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण, बस. दाराची रुंदी सुतळीनं मोजा, ती सुतळीच खिशात टाकून फूलवाल्याकडे जा. "मध्यम साइज" सांगितलं की हमखास आखूड येतं. फुलांसाठी सीताबर्डीचं नेताजी फूल मार्केट गाठा आणि सकाळी लवकर जा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच मिळतात, त्यामुळे बर्डीत गाडी लावायच्या भानगडीत पडायची गरज नाही. गोंडे, लेस, तयार तोरणं, पूजेचं साहित्य यासाठी इतवारी आणि महालातल्या गल्ल्या फिरा. तिथे भाव करायला वाव असतो, आणि धरमपेठेतल्या दुकानांपेक्षा निवड जास्त मिळते. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी फुलांचे भाव चढतात. पंचांग बघून ठेवा आणि हारांची ऑर्डर दोन-तीन दिवस आधी द्या.

कोणत्या ऋतूत कोणतं फूल? झेंडू जवळपास बारा महिने मिळतो. हिवाळ्यात शेवंती घ्या, ती दोन दिवस टिकते. उन्हाळ्यात मोगरा. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी आणा, ओल्या पातळ कापडात गुंडाळून ठेवा, त्या संध्याकाळी उमलतात आणि खोलीभर वास पसरतो. गुलाबाच्या पाकळ्या मे महिन्यात तासाभरात काळ्या पडतात, त्यांच्या नादी लागू नका.

भिंतीसाठी माझा आग्रह साडीचा आहे. सहा फूट रुंद जागा पुरे. दोन टोकांना खिळे किंवा पडद्याचा रॉड असेल तर त्यावर दोरी ताणायची, साडीच्या चार-चार बोटांच्या निऱ्या घालून सेफ्टी पिनांनी दोरीला लावायच्या, आणि काठ समोरून दिसेल असा सोडायचा. आईची किंवा आजीची साडी असेल तर फारच छान. आपल्याकडच्या टसरच्या करवतकाठी साडीचा तो करवतीच्या दातांसारखा काठ पिवळ्या बल्बच्या प्रकाशात फार सुंदर उठून दिसतो. मात्र पिन रेशमाला लावायची नाही, निरीच्या वरच्या टोकाला सुती पट्टी दुमडून तिच्यातून लावायची. साडीवर झेंडूचे दोन उभे सर सोडले की भिंत झाली. नवरीचं नाव लिहायचं असेल तर जाड पुठ्ठ्यावर पोस्टर रंगांनी, हातानं लिहा. घरातल्या मुलांना ते काम द्या.

थर्माकोलची अक्षरं आणि मखर विसरा. २०१८ पासून राज्यात थर्माकोलची सजावट आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या यांवर बंदी आहे, आणि नसती तरी तो कचरा कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. फुगे हवेच असतील तर तीन-चतुर्थांश फुगवा. गार खोलीत टम्म फुगवलेला फुगा गरम गच्चीवर नेला की आतली हवा प्रसरण पावते आणि तो फुटतो. उन्हाळ्यात फुग्यांची कमान तासाभरात निम्मी होते ती यामुळेच.

आता कूलरचं. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या सजावटीचं खरं गणित हे आहे. कूलरचा झोत ज्या दिशेला जातो तिथे रांगोळी उडते, निरांजन विझतं, कागदी झुंबरं फडफडून फाटतात, आणि ओलसर हवेनं क्रेप कागद लोंबकळायला लागतो. म्हणून सजावट करण्याआधी कूलर चालू करा, हातात रुमाल धरून खोलीभर फिरा आणि झोत कुठवर येतो ते बघा. भिंत त्या रेषेबाहेर घ्या. समोरची एक खिडकी उघडी हवी. ती बंद राहिली तर कूलर फक्त दमटपणा करतो, घाम येतो आणि मेकअप ओघळतो. टाकी दुपारीच भरून ठेवा.

रांगोळीला याच कारणानं थोडी युक्ती लागते. गुळगुळीत टाइलवर कोरडी रांगोळी टिकत नाही. तांदळाचं पीठ पाण्यात दाटसर कालवून, कापसाच्या बोळ्यानं किंवा बोटानं रेषा काढा. वाळली की झोतानं हलत नाही, आणि नंतर ओल्या फडक्यानं निघते. दाराशी गेरूचा पट्टा ओढून त्यावर पांढरी नक्षी काढली की वेगळं काही लागत नाही.

आणि ताट. नवरी जिथे बसणार तिथे पाट, पाटाखाली रांगोळी. समोर केळीचं पान किंवा चांदीचं ताट, त्याभोवती फुलांची महिरप. महिरप दोन रंगांतच करा: बाहेरून झेंडूच्या अख्ख्या फुलांची ओळ आणि आतून पांढऱ्या शेवंतीची किंवा मोगऱ्याची. पान आणि महिरप यांत चार बोटं जागा सोडा, नाहीतर वरण वाढताना पाकळ्या वाटीत पडतात. समई उजव्या हाताच्या बाजूला ठेवू नका, जेवताना पदर तिच्यावरून जातो. डावीकडे, हातभर लांब ठेवा. वाट्या, लोणचं, लिंबाची फोड, मीठ, सगळं आपापल्या जागी असलं की त्या ताटासारखा फोटो दुसऱ्या कुठल्याच भिंतीवर येत नाही.

जेवण

इथे माझा हट्ट आहे, बेत नागपूरचा असू द्या. पनीर आणि मंचुरियन ती लग्नात जेवणारच आहे. नातेवाइकांच्या केळवणाचं जेवण बहुतेक घरी शाकाहारीच असतं. मित्रमंडळींचं वेगळं असेल आणि सगळ्यांना सावजी मटण हवं असेल तर तो बेत आपला आपण स्वतंत्र करा, औक्षणाच्या ताटात नको.

वडाभात हा पंचवीस माणसांसाठी सगळ्यात सुटसुटीत बेत. तांदूळ दोन किलो आणि मिश्र डाळी सव्वा किलो: हरभरा, तूर, मूग, उडीद, मोठ (मटकी). डाळी चार-पाच तास भिजवून भरड वाटायच्या, वडे तळायचे. गरम मोकळा भात, त्यावर वडे कुस्करायचे आणि वरून कढत तेलाची मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी. फोडणी आयत्या वेळी पानावर ओतायची, तो चर्र आवाज झाला पाहिजे. सोबत कढी, तिला दीड-दोन किलो दही लागेल. आलू-वांग्याची भाजी साडेतीन किलोची, तीवर थोडी तर्री, पण नवरीच्या वाटीत तर्री विचारून घाला. लग्नाआधी पोट बिघडलं तर कोणालाच परवडत नाही. गोडाला बासुंदी: सहा लिटर दूध आटवून निम्मं करा, प्रत्येकाला एक वाटी पुरते. रोटी करणाऱ्या ताई ओळखीच्या असतील तर उलट्या मडक्यावरच्या लांब रोट्या मागवा. पाहुणे बाहेरगावचे असतील तर त्या रोट्या हातावर वाढताना बघायलाच गर्दी होते.

हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त आणि कोवळा असतो, तेव्हा पुडाची वडी करा. उन्हाळ्यात तिचा हट्ट नको, त्याऐवजी कैरीचं पन्हं आणि मठ्ठा हवाच. पाहुणे दारात आले की आधी माठातलं पाणी, मग पन्हं. संत्र्यांच्या दिवसांत प्रत्येक पानावर सोललेल्या दोन फोडी ठेवल्या तरी ताट नागपूरचं दिसतं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात असतात आणि मृगाची हिवाळा सरताना येतात. एरवी संत्रा बर्फी आहेच.

पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. आपल्या भागातलीच पानं, धुवायची कटकट नाही आणि दिसायलाही छान. रस्सा मात्र द्रोणात वाढायचा असेल तर एकात एक असे दोन द्रोण ठेवा.

औक्षण, ओटी आणि आहेर

तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी कुंकू, अक्षता, मग अंगठी आणि सुपारीनं ओवाळून निरांजनानं ओवाळायचं. औक्षणाच्या पाच मिनिटांपुरता कूलर आणि पंखा बंद करायला एक माणूस नेमून ठेवा. नवरीची ओटी भरायची असेल तर खण किंवा ब्लाउजपीस, नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक, गजरा. तांदूळ घ्यायचे की गहू, ते घरातल्या मोठ्या बाईला विचारा.

एक गोष्ट मी मनापासून सांगते. घरातल्या विधवा आत्या, काकू, आजी यांना औक्षणातून बाजूला बसवू नका. ज्या हातांनी त्या मुलीला लहानपणी भरवलं, त्या हातांनी तिला ओवाळायचं नाही, यात कुठलं शुभ आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपण आपल्या घरात एवढं तरी करावं. आधी त्यांच्याशी बोलून ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना संकोच होणार नाही, आणि औक्षणाचा पहिला मान त्यांनाच द्या.

आहेर वेगवेगळा देण्यापेक्षा वर्गणी काढून एकच चांगली वस्तू द्या. मिक्सर की प्रेशर कुकर, हे नवरीला सरळ विचारलं तर ती खरं सांगते आणि घरात दोन-दोन कुकर जमा होत नाहीत. साडीच द्यायची असेल तर गांधीबागेत फिरा, करवतकाठी किंवा चांगली सुती घ्या, जी लग्नानंतरही ती नेसेल.

खेळ

जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. भरल्या पोटी धावपळीचे खेळ नकोत. आणि मोबाइलवर सापडणारे नवरीला नवऱ्याबद्दल प्रश्न विचारून उत्तर चुकलं की शिक्षा देणारे खेळ मला अजिबात आवडत नाहीत. ठरवून झालेल्या लग्नात दोघांची ओळख नुकतीच होत असते, तिला सगळ्यांसमोर चुकवून काय मिळवायचं? सासूवरचे विनोद, पगार, मुलं कधी, वजन किती, हे विषयही बाहेर ठेवा.

जेवणाआधीचा खेळ रुखवंताचा ठेवा. रुखवंत नाहीतरी लग्नात मांडायचंच असतं, मग मैत्रिणींनी ते इथेच का करू नये? खोलीत दोन-तीन टेबलं किंवा चादरी अंथरा, प्रत्येक गटाला एक वस्तू द्या. एका गटाला बांबूचं सूप आणि दोन लहान टोपल्या, रंगवून लेस लावायला. एकाला सुपाऱ्या, लोकर आणि रंगीत कागद, त्यातून नवरा-नवरीची जोडी. एकाला नारळ सजवायला. लहान मुलांना लोकरीचं तोरण. सामान आधीच गटागटानं ताटात काढून ठेवा, कात्र्या प्रत्येक गटाला किमान दोन द्या. कात्री एकच असली की निम्मा वेळ ती मागण्यातच जातो. फेव्हिकॉल वाळायला वेळ लागतो, दमट दिवसांत जास्तच, म्हणून हा खेळ सुरुवातीला घ्यायचा. निघताना वस्तू वाळलेल्या असतात. नवरीला यातलं काम देऊ नका. ती या गटातून त्या गटात फिरेल, गप्पा मारेल, हवं तर एखादा मणी चिकटवेल. वस्तूच्या मागे करणाऱ्यांची नावं लिहा.

हा खेळ हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणींनाही सहज जमतो, आणि हाताला काम असलं की अनोळखी माणसं आपोआप बोलायला लागतात.

जेवणानंतरचा खेळ आपल्या भुलाबाईतला, खिरापत ओळखायचा. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत ज्या वाढल्या त्यांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगते: झाकणाचे पाच स्टीलचे डबे घ्या. प्रत्येकात वेगळा खाऊ: फुटाणे, शेवया, संत्रा बर्फी, चिंचेच्या गोळ्या, मुरमुऱ्यांचा लाडू. डबा नवरीच्या हातात. ती कानाशी हलवून आवाज ऐकवते, बाकीच्यांनी ओळखायचं. "गोड आहे का?" "कुरकुरीत आहे का?" असे प्रश्न विचारायची मुभा, पण ती फक्त हो किंवा नाही म्हणणार. ओळखणाऱ्याला डबा घरी न्यायला मिळतो, पण आधी त्यानं नवरीची एक आठवण सांगायची. पाच डब्यांच्या पाच आठवणी येतात, त्यातल्या एक-दोन ऐकून तिच्या आईला रडू येतं. पाच डबे पुरेत. सहाव्याला कंटाळा येतो.

बर्फीचा डबा फसवा असतो, कारण तुकडे डब्यात नीट बसवले तर आवाजच येत नाही. तो शेवटी ठेवा.

उखाणे मात्र व्हायलाच हवेत. मध्येच "नाव घे, नाव घे" करून कोंडीत पकडण्यापेक्षा आदल्या दिवशी नवरीला दोन उखाणे पाठवून ठेवा. असे काही चालतील:

वडाभातावर फोडणी, हिंगाचा सुवास,
___रावांचं नाव घेते, आधी भरवते घास.

संत्र्याच्या बागेला आंबिया बहार,
___च्या गळ्यात घालीन फुलांचा हार.

दुसरा नवरदेवालाही घेता येतो. नवरीनंतर प्रत्येक जोडप्याकडून एक उखाणा घ्या, हिंदीतले असतील तरी टाळ्या तेवढ्याच द्या. आजोबांना उभं केलंत तर बहुतेक वेळा सगळ्यात चांगला उखाणा तेच घेतात.

मेंदी, बांगड्या हवेत का? बांगड्या भरणाऱ्या मावशींना घरी बोलावून सगळ्या मैत्रिणींना दोन-दोन काचेच्या बांगड्या भरता येतात, खर्च फार येत नाही. मेंदी मात्र दोन-तीन तास हात अडकवते आणि जेवणाच्या आड येते, ती लग्नघरीच राहू द्या.

आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या संध्याकाळी साडीची भिंत, गाद्या, रुखवंताच्या सामानाची ताटं आणि खिरापतीचे डबे तयार ठेवा. पिठाची रांगोळीही रात्रीच काढा. सकाळी फुलं आणा, दुपारी डाळी वाटा, संध्याकाळी पाचला तोरण. महिरप शेवटी, पाहुणे यायच्या तासभर आधी. फुलांवर पाणी शिंपडायचं, पण साडीच्या भिंतीपासून लांब.

सातचं आमंत्रण असेल तर क्रम साधारण असा बसतो: सात ते सव्वासात पाणी-पन्हं, मग पाऊण तास रुखवंत, आठला औक्षण आणि ओटी, सव्वाआठला पान वाढायला घ्या. नऊनंतर खिरापत आणि उखाणे, साडेनऊला आहेर आणि विडा. दहाला नवरीला घरी पोचवायची गाडी दारात उभी हवी. तिला आणि तिच्या घरच्यांना परत सोडण्याची जबाबदारी यजमानांची, हे पहिल्यांदा करणाऱ्यांच्या हमखास राहून जातं.

फोटो काढायला एकच माणूस नेमा. औक्षणाचा, ताटाचा, आजी-आजोबांसोबतचा आणि पूर्ण गटाचा, एवढे चार फोटो त्यानं चुकवायचे नाहीत. घास तोंडात असतानाचे फोटो काढू नयेत. कुठेही टाकण्याआधी नवरीला विचारा. काही घरांत लग्नाआधी फोटो बाहेर आलेले चालत नाहीत.

नंतर

पत्रावळी, द्रोण आणि फुलं ओल्या कचऱ्यात जातात, कुंड्या असतील तर फुलं तिथेच मातीत घाला. रुखवंताच्या वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात, मध्ये जुने कपडे घालून भरा आणि दुसऱ्या दिवशी लग्नघरी पोचवा. बिछायत केंद्राचं सामान परत देताना वाट्या आणि पळ्या दोघांनी मिळून मोजा, पावती जपून ठेवलेली असू द्या. आजारपणामुळे किंवा लेकराबाळांमुळे जी येऊ शकली नाही तिच्या घरी रात्रीच वडाभाताचा एक डबा पाठवा, फोडणी मात्र वेगळ्या वाटीत.